मुबारकबीचा ओढा आणि पाटलाचा गाडा

पांगरवाडीत पटकी शिरली, तेव्हा सूर्यभान पाटलानं सगळ्यांत आधी काय केलं, तर मुलींच्या शाळेला कुलूप घातलं. विहिरीला नाही, शाळेला. विहिरीच्या काठावर आजाऱ्यांची धुणी आपटली जात होती आणि ते पाणी परत विहिरीत झिरपत होतं, त्यावर कुणाची हरकत नव्हती. धर्मशाळेच्या दोन खणांत वीसेक पोरी पाटीवर बाराखडी गिरवत होत्या, त्या मात्र देवीला खुपल्या. मरीआई कोपली ती पोरींच्या पेन्सिलींमुळं, हा शोध पाटलानं चावडीवर बसल्या बसल्या लावला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणं हाच पांगरवाडीचा मुख्य धंदा होता. शेती त्याच्यानंतर.

हे पंचेचाळीस सालच्या चैत्रातलं. शाळेची मास्तरीण होती मुबारकबी. सडपातळ, उंच, पांढरं पातळ नेसणारी, डोईवरचा पदर कधी न ढळू देणारी आणि तोंडावर कधीच पदर न घेणारी. गावच्या मुलाण्याची ती मुलगी. मुलाणी म्हणजे देवाच्या बकऱ्यावर कलमा पढून सुरी फिरवणारा बलुतेदार. बकरं मरीआईचं असो की भैरोबाचं, मुलाण्यानं सुरी लावल्याशिवाय पांगरवाडीत ते कुणी खात नसे. तेव्हा मुबारकबी बाहेरून आलेली आगाऊ बाई आहे, असं म्हणायची सोय गावाला नव्हती. ती घरचीच आगाऊ होती.

कुलूप बघितल्याबरोबर ती तडक चावडीवर गेली. शाळेचा आणि पटकीचा संबंध काय, असं तिनं सरळ विचारलं. पाटलाला सरळ प्रश्नांची सवय नव्हती. त्यानं तंबाखू मळली, थुंकला, मग बोलला.

"बाई, चार दिस दम धरा. गाडा जाऊ द्या, मग बघू."

"मग काय बघणार?"

"गाड्यानं गुण आला तर समजायचं, देवीला साळा नको हुती."

मुबारकबीला हिशेब कळला. साथ आज ना उद्या आपल्या पायांनी जाणारच होती. गेली की श्रेय गाड्याला आणि दोष शाळेला. म्हणजे गाडा गेला की शाळा गेली. कुलूप चार दिवसांचं नव्हतंच.

गाडा म्हणजे मरीआईचा गाडा. गावात रोग आला की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यावर देवी बसवायची, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, घरोघरचा दहीभात वाहायचा, वेशीत बकरं द्यायचं आणि वाजतगाजत गाडा नेऊन सोडायचा शेजारच्या गावाच्या शिवेवर. रोग त्यांचा झाला. आता त्यांनी तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडावा. पुढच्यांनी त्याच्या पुढं. सगळा मुलूख असा एकमेकांच्या दारात मरण ढकलत बसलेला, आणि वर ह्याला धर्म म्हणायचं. देवीची ह्यात काही चूक नाही. तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

मुबारकबीनं आयुष्यात एक गाडा अगदी जवळून पाहिला होता. मानमोडीच्या वर्षीचा.

मानमोडी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण माणसं मेलेल्यांना विसरण्यात भारी तरबेज असतात. पहिली लढाई संपता संपता, अठरा सालच्या दसऱ्याच्या सुमाराला, एक ताप आला. मुंबईहून आगगाडीत बसून दौंडला उतरला आणि तिथून गावोगाव पसरला. नुसता इथंच नव्हे, विलायतेत, अमेरिकेत, काळ्या पाण्यापलीकडे, सगळ्या जगात तोच ताप. सकाळी मोट हाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी तिरडीवर. जगातल्या शहाण्यांनी तेव्हा काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पांगरवाडीनं गाडा काढला.

मुबारकबी तेव्हा दहा वर्षांची असेल. तिचा बाप दिलावर मुलाणी अंगात ताप घेऊनच उठला, कारण मान त्याचा होता. खोकत खोकत त्यानं बकरं कापलं, त्याच हातांनी घरोघर वाटे घातले आणि गर्दीत खांद्याला खांदा लावून शिवेपर्यंत चालत गेला. मागून तिची आई, डोईवर दहीभाताची पाटी घेऊन. आठवड्याच्या आत दोघंही गेली. त्यांच्यामागून अर्धी आळी गेली. मरायचे तेवढे मरून झाल्यावर साथ थांबली, तेव्हा गावानं निकाल दिला की गाडा लागू पडला.

मागं राहिली मुबारकबी आणि चार वर्षांचा खाजा. खाजाला चुलत्यानं ठेवून घेतलं, कारण सुरी धरायला घरात मुलगा हवा होता. मुलीचं कुणालाच काही काम नव्हतं. तिला नगरचा मामू घेऊन गेला. तो एका शाळेत शिपाई होता. पोर दिवसभर घरात रडत बसते, मामीच्या पायात येते, म्हणून तो तिला बरोबर नेऊन वर्गाच्या कोपऱ्यात बसवू लागला. त्यात त्याचा काडीइतकाही उदात्त हेतू नव्हता. पण त्या वर्गात तिच्यासारखी मानमोडीनं पोरकी केलेली आणखी बरीच मुलं होती. ज्यांना घरी ओढून न्यायला कुणी उरलं नव्हतं, ती शिकली. त्यांतलं कुणी मास्तर झालं, कुणी दवाखान्यात नर्स. आईबाप जिवंत असते तर ह्यांतली एकही मुलगी चौथीच्या पुढं गेली नसती, हे आपल्या समाजाचं कौतुक. मानमोडीनं एवढंच एक बरं काम केलं, तेही चुकून.

शाळेतल्या एका बाईंना मुबारकबीनं एकदा विचारलं होतं, की मानमोडी कुणाच्या कोपानं आली. बाई म्हणाल्या, कुणाच्या नाही, एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या श्वासात गेली. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. बापाला देवीनं नेलं नव्हतं. गर्दीनं नेलं होतं, आणि ती गर्दी गावानं मुद्दाम जमवली होती.

पुढं ती सातवीची फायनल पास झाली, शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. नवरा फक्रुद्दीन नगरच्या कापडबाजारात शिवणकाम करी. त्याला बायकोचा पगार चालला, बायकोची बदली चालली नाही. पांगरवाडीला मुलींची शाळा निघाली आणि तिनं ती मागून घेतली, तेव्हा त्यानं दुसरी केली. मुबारकबी एकदा रडली आणि सामान बांधून गावी आली.

गावानं तिचं स्वागत हसून केलं. पोरींना शिकवून काय कलेक्टर करणार का, हा विनोद गावाला दहा-बारा वर्षं पुरला. दुसरा विनोद करायची कुणाला गरज वाटली नाही. ती पोरी मागत दारोदार हिंडे. आज नाही, गोवऱ्या थापायच्यात. आज नाही, धाकटं पोर सांभाळायचंय. तरी पोरी आल्या, कारण शाळेत सावली होती आणि मास्तरीण मारत नव्हती.

तिची शिकवण्याची एक तऱ्हा होती, तिला गाव फार हसे. सुगी झाली की तिसरीच्या पोरींना घेऊन ती ओढ्याच्या काठाकाठानं उलटी चालत जाई, वर उंबरपिंपरीच्या पुढं, ओढा उगवतो त्या खडकापर्यंत. वाटेत थांबून विचारी, इथं कोण काय धुतं? इथं म्हशी बसतात, ते पाणी कुठं जातं? मग परत येऊन शाळेमागं उतारावरच्या आपल्या घाटावर पोरींना उभं करी आणि सांगे, वर जे घालाल ते खाली प्याल. हा तिचा भूगोल. मास्तरीण पोरींना रानोमाळ हिंडवते, अशी तक्रार वर गेली. शाळा तपासणाऱ्या साहेबानं येऊन पाहिलं आणि भूगोल नकाशावर शिकवा, असा शेरा मारून तो काष्टीला जेवायला गेला.

पोरी मात्र टिकत नसत. बारा-तेराव्या वर्षी पाटी हातातून काढली जाई आणि हळद लावली जाई. देणार कुठं? उंबरपिंपरीला. पांगरवाडीच्या लेकी उंबरपिंपरीला द्यायच्या, ही जुनी रीत. गाव जवळ, जमिनी बऱ्या. पाटलाची थोरली बनू, मुबारकबीची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, तीही तिकडेच गेली. त्या दिवशी मुबारकबीनं मांडवात जेवायचं टाळलं.

आणि गाडा सोडायचा तोही उंबरपिंपरीच्याच शिवेवर. लेकी जिथं दिल्या तिथंच रोग द्यायचा. पिढ्या न् पिढ्या हे चाललं होतं आणि एकाही बापाच्या डोक्यात आलं नव्हतं. शिवाय ती शीव म्हणजे तोच ओढा. गाडा काठावर ठेवायचा, हातपाय ओढ्यात धुवायचे, मागं न बघता घरी यायचं. चालत यायला वेळ लागे. पाणी त्यांच्या आधी घरी पोचे.

मुबारकबीनं हे पाटलाला सांगून बघितलं, पुजाऱ्याला सांगितलं, बायकांना सांगितलं. श्रीगोंद्याहून पटकीची सुई टोचणारा डॉक्टर आला, त्याला घेऊन ती घरोघर फिरली. त्याची पेटी बघून पांगरवाडीचे शूर मराठे उसाच्या फडात जाऊन लपले आणि अंधार पडल्यावर बाहेर आले. पाटलाच्या घरचा गडी त्याच रात्री गेला.

मग ती भावाकडे गेली. खाजाभाई आता तिशीतला बाप्या, गावचा मुलाणी. गाडा दुसऱ्या दिवशी निघायचा होता आणि तो अंगणात सुरीला धार लावत होता.

"खाजा, तू उद्या सुरी धरू नकोस. तुझ्यावाचून गाडा हलत नाही."

"मी न्हाई म्हणलं तर काष्टीचा मुलाणी आणत्याल, आपा. गाडा जायचा तो जाईल. आपला मान तेवढा जाईल."

"अब्बांच्या मानाचं काय झालं, आठवतंय?"

खाजाभाईनं सुरी बाजूला ठेवली. "मी केवढा हुतो? मला यवढंच आठवतंय, बकऱ्याचं मानाचं मुंडकं घरात आलं हुतं आन् ते शिजवायला घरात कोन न्हवतं."

उठून जाताना मुबारकबी एवढंच म्हणाली, की मग निदान सुई तरी घे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मुलाण्यानं गावाआधी काही करायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी बकरं पडलं, हलगी वाजली आणि गाडा काही हलेना. देवीनं धरला नव्हता. ओढायला माणूस नव्हता. गाडा ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या महारवाड्याच्या गळ्यात. मान पाटलाचा, मरण त्यांचं. पण त्यांची दोन पोरं नगरला बोर्डिंगात शिकत होती, आणि त्यांच्या सांगण्यावरून वस्तीनं गावकीची असली कामं सोडली होती. सुयाही साऱ्या वस्तीनं कधीच टोचून घेतल्या होत्या. पाटलानं निरोपावर निरोप धाडले, दम दिला. शेवटी वस्तीतला म्हातारा सहादेव वेशीशी आला, लांबच उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "देवी तुमच्यावर कोपलीया, पाटील. तुमीच वडा."

तेव्हा पाटलानं, त्याच्या भावांनी आणि चुलतभावांनी धोतरं खोचली आणि दोराला हात घातला. हे दृश्य बघायला सगळं गाव लोटलं. गर्दी जमवण्याची हौस सत्तावीस वर्षांत कमी झाली नव्हती. मुबारकबी मागून चालली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. आपली शाळा कोण पुरतंय ते निदान डोळ्यांनी बघावं, असं वाटलं असेल.

रिवाज असा होता, की गाडा येताना दिसला की त्या गावचे गडी काठ्या आणि गोफणी घेऊन शिवेवर येत. थोडी मारामारी होई, एक-दोन डोकी फुटत, तेवढ्यात कुणीतरी गाडा सोडून पळे. पाटलाच्या माणसांनी गाड्यात काठ्या ठेवल्याच होत्या.

ओढा आला. पलीकडच्या काठावर गडी नव्हता एकही. गाडीवाटेवर बायका बसल्या होत्या. आडव्या, ओळीनं, मांड्या घालून, कुणाच्या मांडीवर पोर. लुगडी उंबरपिंपरीची होती, तोंडं सगळी पांगरवाडीची. बापांनी लेकी ओळखल्या, भावांनी बहिणी. मुबारकबीनं तर एकूण एक ओळखली, कोण कुठल्या बाकावर बसायची त्यासकट. मध्ये बनू. तिच्या शेजारी घोंगडीवर तिची सासू गोजरबाई, म्हणजे पाटलाची विहीण, जिच्या तोंडाला दोन तालुके भीत. आणि मागं बाभळीखाली टेबल मांडून तोच सुईवाला डॉक्टर. काष्टीच्या बाजारात गाड्याची बातमी लागली, तेव्हा बनूनं त्याला तिथंच गाठून आणलं होतं.

हलगी बंद पडली. पाटलानं दोर सोडला आणि आधी खोचलेलं धोतर खाली सोडलं, मग मुंडासं नीट केलं. मुलीच्या बापानं व्याह्यांच्या दारात आवाज चढवायचा नसतो. काठी उचलायची तर गोष्टच नको. गाड्यातल्या काठ्या गाड्यातच राहिल्या.

"या व्याही," गोजरबाई म्हणाली. "लेकीकडं आलाय. काय आणलंय लेकीला?"

बाप लेकीकडं रिकाम्या हातानं जात नाही, आणि ह्याच्यामागं काय उभं होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

"आबा," बनू म्हणाली, "ह्यो वढा कुठनं कुठं जातो?"

"गप बस," पाटील म्हणाला.

"तिला गप बसवायचं काम आता आमचं," गोजरबाई म्हणाली. "ती इचारतीया ते सांगा."

पाटील ओढ्याकडं बघत राहिला. जन्मभर त्याच पाण्यावर वाढलेला माणूस, त्याला उत्तर सापडायला वेळ लागला. "तुमच्याकडनं आमच्याकडं," तो शेवटी म्हणाला.

"मंग तुमी हितं ठिवलेलं कुठं येनार?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुबारकबी हसली नाही. तिनं ह्या पोरींना वाट अडवायला शिकवलं नव्हतं. कुणाला डॉक्टर आणा म्हणूनही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की तेराव्या वर्षी हळद लागली की शिकवलेलं सगळं चुलीत जातं. बारा वर्षं ती हेच धरून बसली होती, आणि ते चूक होतं. आपली चूक निघाल्याचा आनंद झाला, असा प्रसंग तिच्यावर हा एकदाच आला.

गोजरबाईनं पुढचं बोलून टाकलं. गाडा ठेवायचा तर ठेवा, देवीला आम्ही नाही म्हणत नाही. पण ज्या ज्या हातानं दोर धरलाय त्या हाताला सुई टोचूनच माघारी धाडणार. पाहुणा शिवेवरून तसाच गेला असं उंबरपिंपरीत कधी झालं नाही. विज्ञानाशी गोजरबाईचं काही देणंघेणं नव्हतं. सुनेनं विहिरीत लाल औषध टाकलं तेव्हा ती दिवसभर बडबडली होती. मग आळीत कुणी आजारी पडलं नाही, तेव्हा ती अक्कल आपलीच होती असं सांगत सुटली. आणि पांगरवाडीच्या पाटलाला भर गर्दीत बाही वर करायला लावायची संधी तिनं वैकुंठासाठीही सोडली नसती.

सगळे घुटमळले. एकमेकांकडं बघू लागले. आता पळावं तर लेकीच्या सासरची माणसं बघतात, आणि उसाचा फड लांब.

तेव्हा खाजाभाई पुढं आला. कमरेची सुरी त्यानं मागं सारली आणि गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पैला मान पाटलाचा."

जन्मभर पाटलानं पहिला मान कुणाला घेऊ दिला नव्हता. पहिला टिळा त्याचा, पहिला नारळ त्याचा, पहिली पंगत त्याची. तो बाभळीखाली गेला, बाही वर केली, डोळे मिटले. त्याच्यामागून भाऊ, चुलतभाऊ, मानाच्या क्रमानं सगळे. एकाचा क्रम चुकला म्हणून तिथंही थोडा तंटा झाला. सुई टोचून घ्यायला पांगरवाडीत भांडण, हे डॉक्टरनं नोकरीत पहिल्यांदाच बघितलं. खाजाभाईची पाळी बरीच मागं आली. टोचून झाल्यावर त्यानं बहिणीकडं एकदा बघितलं आणि तिनं मान हलवली, एवढंच.

पाटील दंड चोळत उभा होता, तोवर गोजरबाईनं शेवटचं काढलं. पाटलाची धाकटी लेक साळू गोजरबाईच्या धाकट्या मुलाला द्यायचं घाटत होतं.

"आन् धाकटी वाचती का, व्याही?"

"जाती की साळंत," पाटील म्हणाला.

"साळंला कुलूप हाय म्हनं. अडानी सून आमाला न्हाई चालायची. एकीला वाचता येतं, ती दुसरीला रोज टोचून खाईल."

"उघडतो की," पाटील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल किल्ली घेऊन आला. निरोप काही नव्हता. मुबारकबीनं किल्ली घेतली, आभार मानले नाहीत, कुलूप काढून धर्मशाळेच्या मागं उकिरड्यावर फेकून दिलं. देवी, विज्ञान, मुलींचं शिक्षण ह्यांतलं काहीही पाटलाला पटलेलं नव्हतं. तो फक्त विहिणीला भ्याला होता. मुबारकबीला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा तिला संताप येई. पण पटावर पोरी वाढल्या. लग्नाच्या बाजारात वाचता येणं खपतं म्हटल्यावर बापांना शिक्षणाचं महत्त्व फार झपाट्यानं समजलं. डॉक्टर पुन्हा आला तेव्हा ऊस रिकामा होता. साथ ओसरली, आणि गावानं चावडीवर बसून निकाल दिला की गाडा लागू पडला. देवीनंच सुई घ्यायची बुद्धी दिली. माना डोलावल्या गेल्या.

गाडा शिवेवरच राहिला. उंबरपिंपरीनं तो पुढं ढकलला नाही, पांगरवाडीनं परत आणला नाही. हात लावायची कुणाची छाती नव्हती. आषाढात ओढ्याला पूर आला, तेव्हा पाण्यानं तो उचलला, वाटेत आपटत आपटत खाली आणला आणि शाळेच्या मागच्या घाटावर, खडकांत, एक चाक वर करून आणून टाकला.

तिसरीच्या पोरी तो बघायला धावल्या. साळू सगळ्यांच्या पुढं. त्या वर्षी सुगी झाल्यावर मुबारकबी पोरींना घेऊन ओढ्यानं वर गेली नाही. गरज नव्हती.